मोशन डिझाइन शिकताना सुरुवात कुठून करावी?

कागदफूल (बडोदा)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी रावपुऱ्यातल्या एका ऑफसेट छापखान्यात मांडणीचे काम करते आहे. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, शाळांची माहितीपत्रके असे सगळेच काम येते, आणि कागदावर वाचणाऱ्याची नजर आधी कुठे पडेल व मग कुठे जाईल हे ठरवण्यात मला मनापासून आनंद मिळतो. अलीकडे तेच ग्राहक "हेच जरा फोनवर हलते करून द्या" असे म्हणू लागले, म्हणून मी शहरातल्या एका शिकवणीवर्गात सहा महिन्यांचा मोशन ग्राफिक्सचा अभ्यासक्रम केला. तिथे मला की-फ्रेम (हालचाल कुठून सुरू होऊन कुठे संपते ते ठरवणाऱ्या खुणा) लावता येऊ लागल्या, बोधचिन्ह गरगर फिरवत आत आणता येऊ लागले, अक्षरे उधळता येऊ लागली. हे सगळे कशासाठी करायचे, हे मात्र तिथे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

ते आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी विचारले. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यांत पाणी शिरले होते. त्यानंतर रहिवाशांसाठी चाळीस सेकंदांची एक सूचना-फीत करावी असे ठरले. पाणी चढू लागले की आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा, गाड्या उंचावर न्याव्यात, आणि पाणी ओसरल्यावर आवारात मगर दिसली तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे, एवढाच मजकूर होता. (बडोद्याबाहेरच्यांना मगरीचे नवल वाटेल, पण विश्वामित्रीत मगरी राहतात आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या वस्तीत येतात.) मी शिकलेले सगळे त्या फितीत वापरले. आजींनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "छान हलते आहे गं, पण मी करायचे काय?"

त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे. मला हे नीट शिकायचे आहे. नोकरी सोडता येणार नाही. रोज दीड तास देऊ शकते. सुरुवात सॉफ्टवेअरपासून करावी, चित्रकलेपासून करावी, की आणखी कशापासून? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मांडवीकर (बडोदा)

माझा चार जणांचा लहान स्टुडिओ आहे, त्यामुळे व्यवहाराच्या बाजूने लिहितो. साधन हातात बसल्याखेरीज विचार उतरत नाही, असे माझे मत आहे. आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर या क्षेत्रात सर्वाधिक मागितले जाते, पण त्याचे भाडे दरमहा भरावे लागते, आणि शिकण्याच्या काळात तो खर्च करण्याची गरज नाही. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे. 2002 साली लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे राहिले आणि त्याचा सोर्स कोड कायमचा खुला झाला. त्यात त्रिमितीचे काम तर होतेच, शिवाय ग्रीस पेन्सिल नावाच्या साधनाने हाताने चित्रे काढून द्विमितीय अ‍ॅनिमेशनही करता येते. हाताने फ्रेमवार, म्हणजे हालचालीतले एकेक स्थिर चित्र, काढायचे असेल तर क्रिता आहे, ओपनटून्झ आहे. संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, आणि तिच्यात फ्यूजन नावाचा मोशन ग्राफिक्सचा विभागही आहे.

यांपैकी एकच निवडा आणि वर्षभर ते सोडू नका. दर महिन्याला नवे सॉफ्टवेअर धरणारी मुले माझ्याकडे कामासाठी येतात. त्यांना प्रत्येकातले पहिले चार धडे येतात; पाचवा कशातलाच येत नाही.

लोलक (बडोदा)

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हौसेने अ‍ॅनिमेशन करतो. मांडवीकर यांच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. कागदफूल यांना साधन येतेच आहे. त्यांचे अडले आहे ते वेळेपाशी. छापील मांडणीत जागा असते, आता तिच्यात काळ मिसळला आहे, आणि काळाची मापे हाताला लागायला वेगळा सराव करावा लागतो.

तो सराव आपल्या घरात टांगलेला आहे. बडोद्याच्या कितीतरी घरांत झोपाळा असतो. त्याच्या कड्यांची लांबी मोजा. लांबी दोन मीटर असेल तर एका टोकाकडून निघून परत तिथे यायला त्याला सुमारे 2.8 सेकंद लागतात, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला 1.4 सेकंद. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर या 35 फ्रेम झाल्या. झोका लहान घेतला किंवा थोडा मोठा घेतला, तरी हा काळ फारसा बदलत नाही; तो ठरतो कड्यांच्या लांबीवर. आता या 35 फ्रेमांमध्ये झोपाळ्याच्या जागा कागदावर काढा. मधोमध वेग सर्वाधिक असल्याने तिथल्या जागा एकमेकींपासून दूर पडतील, आणि टोकांना वेग शून्यावर येत असल्याने तिथे त्यांची दाटी होईल. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला ईझ म्हणतात ते हेच. झोपाळ्यावर कोणी साडी नेसून बसले असेल तर पदराकडेही पाहा. झोपाळा परत फिरला तरी पदर क्षणभर आधीच्याच दिशेने जात राहतो. डिस्नेमधील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वे ग्रंथरूपात मांडली, त्यांपैकी एक तत्त्व या पदरात दिसते.

दुसरा सराव पडणाऱ्या चेंडूचा. पडणारी वस्तू समान कालखंडांत 1, 3, 5, 7 या प्रमाणात अंतरे कापते. हा नियम गॅलिलिओचा. सुमारे 1.2 मीटरवरून, म्हणजे टेबलापेक्षा थोड्या वरून, चेंडूला जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागतो. त्याच चित्राला तुम्ही पूर्ण एक सेकंद दिलात तर तो चेंडू जवळपास पाच मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गच्चीतून पडल्यासारखा भासतो, आणि त्यामुळे आकाराने मोठाही वाटतो. चित्रातली एक रेघही न बदलता केवळ वेळेने वस्तूचे आकारमान आणि वजन बदलते, हे मला आजही विलक्षण वाटते.

मांडवीकर (बडोदा)

लोलक सर, हे सगळे आता आपोआप होते. दोन्ही की-फ्रेम निवडून एक कळ दाबली की ईझ लागतो. नवशिक्याला गणितात का गुंतवावे?

लोलक (बडोदा)

कारण ती कळ दोन्ही टोकांना सारखाच मवाळपणा लावते. पडणाऱ्या चेंडूला ती लावून पाहा. तो जमिनीजवळ येताना हळू होईल आणि फुग्यासारखा अलगद टेकेल. खरा चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हाच त्याचा वेग सर्वाधिक असतो. आज फोनवर दिसणाऱ्या बहुतेक फितींत दगड, पीस, दार, माणूस असे सगळे एकाच लयीत तरंगत येतात, आणि त्याचे कारण ही एक कळ आहे. वेगाचा आलेख उघडून तो स्वतःच्या हाताने वाकवता आला पाहिजे, आणि कुठे वाकवायचा हे झोपाळ्यापाशी बसल्याशिवाय कळत नाही.

माळवी (इंदूर)

या चर्चेत इंदूरकडून थोडी भर घालते. मी इथे रेखाटन शिकवते. ज्यांनी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत चित्रकला विभाग घडवला ते नारायण श्रीधर बेंद्रे जन्माने इंदूरचे होते आणि इथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, याचा आम्हाला अभिमान आहे. देवळालीकरांचे विद्यार्थी बाहेर जाऊन, समोर जे आहे ते पाहून रंगवत, आणि ती सवय मोशन डिझाइन शिकणाऱ्यालाही लागते. मी विद्यार्थ्यांना तीस सेकंदांत एक अशी रेखाटने करायला लावते: चहा गाळणारा, बस पकडणारा, पिशवी उचलणारी बाई. चेहरा काढायचा नाही. वजन कोणत्या पायावर आहे आणि पाठीची रेघ कुठे वाकते एवढेच धरायचे. कागदफूल, तुमच्याकडे नवरात्रात गरबा असतो. एकाच टाळीच्या आधी हात किती मागे जातात हे नऊ रात्री पाहिलेत, तर हालचालीच्या आधीची उलट हालचाल म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर उमगेल.

अनिमिष (बडोदा)

मी कारखान्यांसाठी प्रशिक्षण-साहित्य तयार करतो. वरचे सगळे प्रतिसाद मोलाचे आहेत, पण आजींच्या प्रश्नाला त्यांतून उत्तर मिळालेले नाही. झोपाळा अचूक हलला तरी आजींना खटका बंद करायचा हे कळेलच असे नाही.

बार्बरा ट्वर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेय बेत्राँकूर यांनी 2002 साली अ‍ॅनिमेशनवरील अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, आणि हलते चित्र स्थिर चित्रापेक्षा अधिक चांगले शिकवते असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जिथे हलत्या चित्राचा फायदा दिसत होता तिथे बहुधा त्यात स्थिर चित्रापेक्षा जास्त माहितीही दिलेली होती, त्यामुळे ती तुलना समान नव्हती. त्यांनी दोन अटी सांगितल्या. पहिली, हालचालीची रचना आशयाच्या रचनेशी जुळली पाहिजे. दुसरी, ती पाहणाऱ्याला नीट टिपता येईल इतकी सावकाश आणि स्पष्ट असली पाहिजे. कागदावर आपण परत मागे जाऊन वाचतो. चित्रफितीत जे गेले ते गेले.

म्हणून मी प्रत्येक कामाच्या आधी एक तक्ता करतो. डाव्या बाजूला आशयात खरोखर काय बदलते ते लिहितो. तुमच्या फितीत पाणी चढते, खटका खाली येतो, गाडी उतारावरून वर जाते, माणूस मगरीपासून मागे सरकतो. एवढ्याच चार गोष्टी हलल्या पाहिजेत. अक्षरे, चौकटी, बोधचिन्ह यांच्यात कोणताही बदल होत नाही, म्हणून ती स्थिर राहिली पाहिजेत. पडद्यावर हलणारी वस्तू नजर खेचून घेते, त्यामुळे अक्षर फिरत असताना खटक्याकडे कोणी पाहणार नाही.

शिकण्याच्या क्रमाबद्दल विचाराल, तर आधी स्थिर चित्रांचा पट काढायला शिका, आणि तो पट पाहूनच आजींना सगळे समजले तर कशाला हलवायचे, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा.

कागदफूल (बडोदा)

अनिमिष, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी फीत पुन्हा पाहिली. पहिल्या सहा सेकंदांत सोसायटीचे नाव फिरत येते, त्यावर चकाकी जाते आणि मागे पाण्याचे थेंब उडतात. खटका दिसतो तो दीड सेकंद, आणि तोही "सावधान" हा शब्द अक्षर-अक्षर नाचत असताना. त्या शब्दाचीही एक अडचण आहे. शिकवणीवर्गातली अक्षरे उधळण्याची तयार साधने मी गुजराती मजकुरावर वापरली की नीट चालतात, मराठीवर वापरली की मात्रा सुटतात आणि शब्द तुटल्यासारखा दिसतो. याला काही उपाय आहे का? आमच्या सोसायटीत फीत मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत लागते.

शिरोरेखा (बडोदा)

या विषयाची मी वाटच पाहत होतो. मी तीन लिप्यांत शीर्षकांचे काम करतो, आणि बडोद्यात काम करणाऱ्याला हा फरक रोज भेटतो. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तिचे अक्षर सुटे उभे असते, त्यामुळे रोमनसाठी घडवलेली बरीचशी साधने तिला चालून जातात. देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. अक्षरे वेगवेगळ्या वेळी वर-खाली हलवलीत की ती रेषा जागोजागी तुटते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला शब्द दिसण्याऐवजी तुकडे दिसतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. "किती" हा शब्द टाइप केल्यासारखा उमटवा. आधी "क" येतो आणि मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसून त्याला उजवीकडे ढकलते. "क्ष" उमटताना आधी "क", मग पाय मोडलेला "क्", आणि मग एकदम वेगळाच आकार दिसतो. संगणकाच्या दृष्टीने ही सुटी वर्णचिन्हे आहेत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते एक अक्षर आहे. त्यामुळे तुकडा पाडायचाच असेल तर तो अक्षराचा पाडावा, आणि शक्यतो तोही न पाडता शब्द हे एकक धरावे. आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडल्याची आधी खात्री करा, नाहीतर जोडाक्षरे मुळातच चुकीची दिसतात.

मी स्वतः करतो ते असे. शब्दाचे बाह्याकारात रूपांतर करतो, शिरोरेषा अक्षरांपासून कापून वेगळी करतो, आणि तिला स्वतंत्र हालचाल देतो. यात दोन पर्याय आहेत आणि दोन्ही आपल्याच परंपरेत आहेत. शाळेत आपण आधी अक्षरे काढतो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. तशी हालचाल केली तर रेघ पूर्ण होताच शब्द मिटतो, त्याला पूर्णविरामासारखा ठामपणा येतो. मोडी लिहिणारे कारकून मात्र आधी पानभर रेघ आखून घेत आणि मग अक्षरे तिला टांगत जात. बडोदा संस्थानाचे जुने मराठी दप्तर मोडीत आहे. ते पाहण्याची संधी मिळाली तर अवश्य पाहा. रेघ आधी धावते आणि अक्षरे तिच्याखाली उतरतात, या हालचालीत वाचणाऱ्याला पुढे काही येणार असल्याची सूचना मिळते. इशाऱ्याच्या शब्दाला मी पहिली पद्धत वापरीन आणि मथळ्याला दुसरी.

आणखी एक. मराठीतले "ल" आणि "श" यांचे वळण हिंदीत रूढ असलेल्या वळणापेक्षा वेगळे असते. मुक्त, बलू यांसारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टवर शब्द ठेवताना आपल्याला हवे ते वळण मिळते आहे ना, हे तपासून घ्या. आजींच्या पिढीला ते लगेच जाणवते.

जुनी_कमान (बडोदा)

मी अप्लाइड आर्टचा जुना विद्यार्थी आहे. आमच्या वेळी संगणक नव्हते. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, रंग भरायचा, तो वाळायची वाट पाहायची, आणि कॅमेऱ्याखाली एक-एक ठेवून चित्रित करायचा. सेकंदाला 24 फ्रेम, त्यांतही एक चित्र दोन-दोन फ्रेम धरले तर 12 चित्रे. एका मिनिटाला 720 चित्रे होतात, त्यामुळे अनावश्यक हालचाल कोणी कागदावर आणतच नसे. श्रमामुळे आपोआप काटकसर होत असे. आता ती काटकसर ठरवून करावी लागते, आणि अनिमिष यांचा तक्ता मला म्हणूनच फार आवडला.

या गावाचा आणि या कलेचा संबंध जुना आहे, हे नव्या मुलांना माहीत असावे असे वाटते. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली इथे कलाभवन सुरू झाले, आणि तिथे शिकलेल्यांत दादासाहेब फाळके होते. पहिला कथापट काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून ती सलग दाखवली, आणि ती पाहून त्यांना भांडवल मिळाले. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो की त्यांनी रोपच का निवडले असेल. माझे उत्तर असे आहे की रोपाची वाढ ही डोळ्यांना दिसत नसलेली खरी हालचाल आहे. कॅमेऱ्याने काळ आवळला आणि ती दिसू लागली. कागदफूल, तुमच्या फितीत पाणी चढणे हे तसेच आहे. प्रत्यक्षात ते तासन्‌तास सावकाश चढते, म्हणून माणसे गाफील राहतात. ते आठ सेकंदांत चढताना दाखवा, भिंतीवर पायरीच्या खुणा ठेवा, आणि कोणत्या पायरीला पाणी लागले की खटका बंद करायचा ते दाखवा. हे छापील पत्रकात इतके नेमके सांगता येणार नाही.

शिकण्याबद्दल म्हणाल, तर कथाफलक, म्हणजे प्रसंग क्रमाने दाखवणाऱ्या चित्रांचा पट, आणि त्यानंतर अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्ची स्थिर चित्रे आवाजासह खऱ्या वेळेवर लावून पाहणे, या दोन पायऱ्या कधीही टाळू नका. पुढे औपचारिक शिक्षण घ्यावेसे वाटले तर आपल्याजवळ अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे आणि मुंबईत आयआयटीचे डिझाइन केंद्र आहे. दोन्हीकडे अ‍ॅनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते. नोकरी सांभाळून मात्र ते जमणार नाही.

अनिमिष (बडोदा)

जुनी_कमान यांनी पाण्याबद्दल जे लिहिले त्यापुढे माझा आक्षेप मागे घेतो. इथे हालचाल आशयाचीच आहे.

वाचिक (ग्वाल्हेर)

माझा मुलगा कर्णबधिर आहे, त्यामुळे एक मुद्दा आग्रहाने मांडते. सूचना देणाऱ्या कितीतरी फितींत महत्त्वाचे वाक्य फक्त निवेदनात असते. आवाज बंद करून फीत पाहा आणि काय उरते ते तपासा. बस-गाडीत, रात्री, झोपलेल्या बाळाजवळ ऐकू येणारी माणसेही आवाज बंद करूनच पाहतात. पडद्यावरचे वाक्य दोनदा सावकाश वाचून होईपर्यंत ते राहू द्यावे, आणि ते वाचले जात असताना दुसरे काही हलवू नये. इशारा म्हणून लाल पडदा लुकलुकवण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे दृश्य अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकते, आणि वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तशी स्पष्ट मर्यादा आहे. मोठ्या गरगरणाऱ्या दृश्यांनी चक्कर येणारेही पुष्कळ असतात.

मांडवीकर (बडोदा)

वाचिकताई, तुमचा मुद्दा आमच्या स्टुडिओत आजपासून लागू करतो. आवाज बंद करून पाहण्याची चाचणी आम्ही कधी केलीच नव्हती.

लोलक सरांच्या सांगण्यावरून काल आमच्या स्टुडिओतल्या दोन मुलांना चेंडूचा सराव हाताने करायला दिला. तीन वर्षे काम करणाऱ्या मुलालाही तो पहिल्या खेपेस जमला नाही. सॉफ्टवेअर आधी यावे हे माझे मत कायम आहे, पण ते आल्यावर कोणी थांबू नये, हे मला मान्य आहे.

कागदफूल (बडोदा)

सात आठवड्यांनी लिहिते आहे. पहिले तीन आठवडे मी संगणक उघडलाच नाही. मामेसासऱ्यांकडच्या झोपाळ्यासमोर बसून फोनवर चित्रण केले, एक-एक फ्रेम पुढे सरकवत जागा कागदावर मांडल्या. टोकाशी दाटी किती असते हे वाचून माहीत होते, पण स्वतः ठिपके मांडताना शेवटचे पाच ठिपके जवळजवळ एकमेकांवर आले तेव्हा मला ते पहिल्यांदा खरे वाटले. त्यानंतर आठ चौकटींचा पट काढला आणि तो आजींना दाखवला. गाडीची आणि मगरीची चित्रे त्यांना लगेच समजली. खटक्याचे चित्र समजले नाही, कारण मी एकच खटका काढला होता आणि आमच्या मीटरच्या खोलीत तर कितीतरी आहेत.

नवी फीत 38 सेकंदांची आहे. नावाची पाटी स्थिर आहे. पाणी तिसऱ्या पायरीला लागते, हात मुख्य खटका खाली ओढतो, आणि मग खिडकीतला दिवा विझतो. "आधी वीज बंद करा" ही ओळ पाच सेकंद राहते. शिरोरेषा शेवटी ओढली जाते. सूचना द्याव्यात.

लोलक (बडोदा)

फीत पाहिली. पाण्याची चढण उत्तम आहे, कारण तुम्ही तिला ईझ लावलेला नाही. ती थांबत नाही हेच भयावह आहे. एक दुरुस्ती सुचवतो. खटका खाली आल्यानंतर दिवा विझेपर्यंत तुम्ही 12 फ्रेम जाऊ दिल्या आहेत. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी दाखवून दिले आहे की एक वस्तू दुसरीला धडकली आणि दुसरी लगेच हलली, तर पाहणाऱ्याला पहिलीनेच तिला हलवले असे थेट दिसते. मध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाइतका जरी खंड पडला तरी तो संबंध विरू लागतो आणि दोन वेगळ्या घटना दिसतात. तुमच्या 25 फ्रेमांच्या हिशोबात ही मर्यादा पाच फ्रेमांची आहे. दिवा त्याच फ्रेमला विझवा.

शिरोरेखा (बडोदा)

"वीज" मधली दीर्घ वेलांटी शिरोरेषेच्या आधी उमटते, त्यामुळे ती क्षणभर हवेत लोंबते. तिचा वरचा कंस रेघेबरोबर येऊ द्या. बाकी गुजराती आवृत्तीत रेघ नसल्याने तो ठामपणा कशाने आणणार, ते ठरवलेत का?

कागदफूल (बडोदा)

गुजरातीसाठी संपूर्ण ओळ एकाच वेळी, कोणतीही हालचाल न करता उमटवली आहे आणि तिच्या आधी दहा फ्रेम पडदा पूर्ण स्थिर ठेवला आहे. शेजारच्या मुलांना दाखवली तेव्हा त्या शांततेत त्यांची मान वर झाली, म्हणून तसेच ठेवते आहे. वेलांटी दुरुस्त केली.

दिवा आता त्याच फ्रेमला विझतो. काल आजींना पुन्हा दाखवली. आवाज बंद होता. पाहून झाल्यावर त्यांनी काही न बोलता चष्मा घातला आणि म्हणाल्या, "चल, आपला खटका कुठला ते दाखव." आम्ही दोघी खाली मीटरच्या खोलीत गेलो. तिथल्या खटक्यांवरची नावे रंगकामात बुजून गेली आहेत, आणि मुख्य खटका कोणता हे मलाही सांगता आले नाही. आज वायरमनला बोलावून तो निश्चित करून घेतला आहे. फितीत खटक्यामागे जी लाल चौकट आहे, त्याच मापाचे, त्याच लाल रंगाचे आणि त्याच अक्षरातले स्टिकर उद्या आमच्याच छापखान्यात पाण्याने न सुटणाऱ्या कागदावर छापते आहे. आजींचा हात किती उंचीपर्यंत पोहोचतो तेही मोजून घेतले आहे.